गळती फुटात, बिल चौरस फुटात: तळघर आणि पाया दुरुस्तीच्या सेवांची झाडाझडती

पुणे-नाशिक भागात बंगल्याच्या तळघरात पाणी दिसलं की वॉटरप्रूफिंगवाला येतो, टेप काढतो आणि भिंती मोजतो. 30 बाय 20 फुटांचं, 10 फूट उंचीचं तळघर असेल तर हिशोब सोपा: भिंती 1000 चौरस फूट, फरशी 600. दर लावला की कोटेशन तयार. पण पाणी काही 1600 चौरस फुटांतून येत नाही. ते येतं राफ्ट (तळाचा सलग काँक्रीट पाया) आणि भिंतीच्या सांध्यातून, शटरिंगच्या टाय रॉडच्या (साचा आवळणाऱ्या सळयांच्या) भोकांतून, एखाद्या हनिकोम्बमधून (काँक्रीटमधल्या पोकळीतून) आणि पाइप भिंतीतून आत शिरतो तिथून. यातलं काही रनिंग फुटात मोजायचं, काही नगात. चौरस फुटाचं कोटेशन देणाऱ्याने गळती शोधलेलीच नसते, आणि त्या न शोधण्याचे पैसे घरमालक भरतो.

खालचे दर पुणे परिसरातल्या छोट्या, घरगुती कामांचे ढोबळ दर आहेत, साहित्य-मजुरीसह. 18 टक्के जीएसटी वेगळा. गावागणिक आणि उंची-खोलीप्रमाणे ते हलतात. दरापेक्षा परिमाणं नीट पाहा, फसवणूक तिथेच पकडता येते.

आधी पाणी कुणाचं ते ठरवा

ही तपासणी कुणी फुकट देतं, कुणी 3 ते 5 हजार घेतं. पैसे घेणारा बरा, कारण त्याला माल विकायची घाई नसते. बरंचसं घरीही जमतं. भिंतीच्या ओल्या जागेवर दोन बाय दोन फुटांचं जाड प्लास्टिक चारही कडांना टेप लावून चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ आहे. पावसाळ्यात बंद तळघरात हे सर्रास होतं, आणि तिथे एक्झॉस्ट पंखा पुरतो. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येतंय.

मग शेजारची पिण्याची भूमिगत टाकी. ती तळघराच्या भिंतीला खेटून बांधायची आपल्याकडे खोडच आहे. रात्री टाकी भरून इनलेटचा आणि पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पातळीला खूण करायची आणि 24 तासांनी पाहायचं. झाकलेल्या टाकीत बाष्पीभवन नगण्य, त्यामुळे पाणी बोटभर उतरलं तरी गुन्हेगार सापडला समजा. टीडीएस मीटरही (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) कामाचा आहे. नळाचं, बोअरचं आणि गळतीचं अशी तिन्ही पाणी मोजायची; गळतीचा आकडा ज्याच्या जवळ, पाणी त्याचं. फक्त एक लक्षात ठेवा: काँक्रीटमधून झिरपताना पाणी चुना घेऊन येतं, त्यामुळे गळतीच्या पाण्याचा आकडा थोडा चढलेलाच असतो. वास येत असेल तर मीटरची गरज नाही, ड्रेनेजचं चेंबर उघडा.

ही तीनही कारणं बाद झाली आणि गळती जुलैत सुरू होऊन दिवाळीनंतर आटत असेल, तर ते जमिनीतलं पाणी. दख्खनच्या पठारावर वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली कातळ. पाणी मुरमातून उतरतं, कातळावर अडतं आणि आडवं वाहतं. तळघराचा खड्डा त्याच कातळात फोडलेला असतो. म्हणजे भिंतीबाहेर एक टाकीच तयार होते, आणि ती राडारोड्याने भरलेली असली की पाऊस थेट तिच्यात उतरतो. कोकणात जांभा असतो, तिथे पाणी अडत नाही पण पातळीच वर येते. दोन्हीकडे उपाय एकच असं सांगणाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं.

पीयू इंजेक्शन: चालू गळतीवर पहिली पसंती

भेगेच्या किंवा सांध्याच्या बाजूने, थोड्या अंतरावरून 45 अंशात 10 ते 13 मिमीची भोकं पाडतात, अशी की भोक भिंतीच्या मधोमध भेगेला छेदेल. 9 इंची भिंत असेल तर भेगेपासून साधारण साडेचार इंचांवर. एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन भोकांत 15 ते 30 सेंमी अंतर. त्यात पॅकर (रेझिन आत सोडणारी छोटी नळी) बसवून पंपाने पॉलियुरेथेन रेझिन दाबतात. ते पाण्याशी संयोग पावून फुगतं आणि वाट बंद करतं. काम खालच्या पॅकरपासून वर सरकतं. पुढच्या पॅकरमधून रेझिन डोकावलं की तिकडे जायचं. शेवटी पॅकर कापून भोकं न आकसणाऱ्या मॉर्टरने बुजवायची.

दर पॅकरमागे 350 ते 600 रुपये. आपल्या तळघरातल्या 100 फूट सांध्यापैकी 35 फुटांतच पाणी येत असेल, तर 25 सेंमी अंतराने 43 पॅकर लागतील, म्हणजे 15 ते 26 हजार. सगळा 100 फूट सांधा करायचा तर 122 पॅकर, 43 ते 73 हजार. हीच गळती चौरस फुटाच्या कोटेशनमध्ये लाखाच्या पुढे जाते.

हे काम पावसाळा चालू असताना किंवा नुकता सरताना करावं. पाणी दिसतं म्हणून जागा चुकत नाही, आणि रेझिन फुगायलाही पाणी लागतंच. मे महिन्यात कोरड्या भिंतीत पीयू मारणारा अंदाजाने भोकं पाडतो.

बिघडतं कुठे? एक, भोक सरळ 90 अंशात पाडलं तर ते भेगेला भेटतच नाही आणि रेझिन काँक्रीटला टेकून राहतं. दोन, नुसत्या फोमवर काम थांबवलं जातं. फोम पाणी थोपवतो, पण तो जाळीदार असतो. वर्षभर पाण्याखाली राहणाऱ्या सांध्यात फोमनंतर दाट, न फुगणाऱ्या रेझिनचा दुसरा हात हवा. तीन, माल. साधारण 100 ते 300 ग्रॅम रेझिन एका पॅकरमध्ये जातं. 43 पॅकरांचं काम झालं आणि एक किलोचा डबाही संपला नाही, तर बहुतेक पॅकर शोभेचे होते. डबे सीलबंद आले पाहिजेत आणि रिकामे डबे शेवटी मोजले पाहिजेत.

पीयू लवचीक असतं, ताकद देत नाही. भिंतीलाच वजनामुळे तडा गेला असेल तर तिथे इपॉक्सी इंजेक्शन लागतं, आणि ते कोरड्या, न हलणाऱ्या भेगेतच धरतं. दोन्हीला एकच दर लावून 'केमिकल ग्राउटिंग' असं मोघम लिहिलेलं कोटेशन परत करा.

सिमेंट ग्राउटिंग: स्वस्त, पण चुकीच्या जागी मारलं जाणारं

नोझलमागे 200 ते 350 रुपये, सिमेंट वेगळं. काँक्रीट पोकळ राहिलंय, टिचकी मारली की बद्द आवाज येतो, खडी उघडी दिसते, तिथे हाच उपाय योग्य. 12 मिमीचे पीव्हीसी नोझल मीटरभर अंतरावर, पोकळीजवळ त्याहून दाट बसवायचे. 50 किलोच्या पोत्याला 22 ते 25 लिटर पाणी आणि फुगवणारी पूड. फोसरॉकच्या सेबेक्स 100 चं प्रमाण पोत्याला 225 ग्रॅम आहे. पाणी वाढवलं की ग्राउट सहज आत जातो आणि वाळल्यावर आकसून पुन्हा वाट मोकळी करतो. साइटवर बादलीने पाणी ओतलं जातं, मोजून नाही. खरी गोम तिथे.

सिमेंटचा कण जाड असतो. 0.3 मिमीपेक्षा बारीक भेगेत तो शिरत नाही, दारातच अडकतो. केसासारख्या भेगेवर सिमेंट ग्राउटिंग सुचवलं गेलं तर ते पैसे गेले. वाहत्या पाण्यातही तो धुऊन जातो. वाहतं पाणी आधी पटकन आवळणाऱ्या प्लगने किंवा पीयूने थांबवायचं, पोकळी मग सिमेंटने भरायची.

क्रिस्टलाइन लेप: चांगला माल, वाईट वापर

झायपेक्स, पेनेट्रॉन ही यातली जुनी नावं, आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांचा आता स्वतःचा माल आहे. सिमेंटसारखी पूड पाण्यात कालवून ब्रशने लावतात. तिच्यातली रसायनं ओलाव्याबरोबर काँक्रीटमध्ये शिरतात आणि छिद्रांत स्फटिक वाढतात. भिंतीच्या आतल्या बाजूने लावूनही चालतो हा याचा मोठा गुण, कारण साधा डॅम्पप्रूफ रंग उलट्या बाजूने आलेल्या पाण्याच्या दाबाने फुग्यासारखा सुटतो.

दर चौरस फुटाला 70 ते 100 रुपये. एका हाताला चौरस मीटरमागे साधारण 0.8 किलो, दोन हातांना 1.6. आपल्या तळघराच्या भिंती 93 चौरस मीटर, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास, 25 किलोचे सहा डबे. दोन डब्यांत काम आटोपलं तर मिळाला तो रंग.

हा लेप फक्त उघड्या काँक्रीटवर चालतो. गिलावा, पुट्टी, जुना रंग सगळं छिन्नीने खरवडून काढावं लागतं. हे चिपिंग दरात धरलंय का, ते विचारा. बहुतेक वेळा नसतं, आणि मग चौरस फुटाला 15-20 रुपये वर चढतात. विटांच्या भिंतीला याचा उपयोग नाही. भिंत आधी पाण्याने तृप्त हवी, वर पाणी साचलेलं नको. लेपानंतर दोन-तीन दिवस, दिवसातून तीनदा हलकं पाणी फवारायचं. हे पाणी मारणं घरमालकाच्या गळ्यात टाकून मंडळी निघून जातात, आणि स्फटिक वाढतच नाहीत.

सांधा आणि भोकं आधी बंद केली असतील तर भिंतभर आलेल्या बारीक ओलीवर हा शेवटचा हात म्हणून उत्तम. सांध्याच्या वाहत्या पाण्यावर एकटा लावला तर तो पहिल्याच पावसात हरतो. राफ्ट आणि भिंतीच्या कोपऱ्यात पॉलिमर मॉर्टरचा 2 बाय 2 इंचांचा वाटा (कोपरा बुजवणारी उतरती पट्टी) मारून घ्या, आणि त्याआधी त्या कोपऱ्यात इंचभर खाच पाडून भरायला लावा. नुसता वाटा म्हणजे मलमपट्टी.

बॉक्स वॉटरप्रूफिंग: घर बांधत असाल तरच

पीसीसीवर (सळई नसलेल्या काँक्रीटच्या थरावर) मॉर्टर, त्यावर खडबडीत शहाबादी, सांधे भरून पुन्हा मॉर्टर, मग राफ्ट. भिंत उभी राहिली की तिच्या बाहेरून शहाबादी लावून मधल्या फटीत सिमेंटची स्लरी ओतायची. चौरस फुटाला 130 ते 200, आपल्या तळघराच्या 1600 चौरस फुटांना साधारण दोन ते सव्वातीन लाख. महाराष्ट्रात मिस्त्रींचा हात या कामावर बसलेला आहे, ही त्याची जमेची बाजू. शहाबादी भिंतीचं रक्षणही करते, भरावाची धोंड लागली तरी पत्करते.

दुबळेपणा असा की शहाबादी काँक्रीटला सगळीकडे चिकटलेली नसते. एका सांध्यातून शिरलेलं पाणी मधल्या पोकळीतून फिरतं आणि दहा फूट लांब आत उगवतं. पुढे गळती शोधणं अवघड होऊन बसतं. नव्या बांधकामात त्याहून महत्त्वाचे दोन स्वस्त खर्च: राफ्ट-भिंतीच्या सांध्यात 230 मिमीचा पीव्हीसी वॉटरस्टॉप किंवा फुगणारी पट्टी, आणि आरपार टाय रॉडला बंदी. वॉटरस्टॉप तारेने सळईला ताठ बांधलेला हवा. काँक्रीट ओतताना तो लोळला तर नसल्यापेक्षा वाईट, कारण त्याच्याखाली हमखास पोकळी राहते. भिंतीबाहेरचा भराव राडारोड्याचा नको. भिंतीलगत फूटभर जाड खडी, तिला न विणलेलं जिओटेक्स्टाइल (माती अडवणारं गाळणीचं कापड) आणि तळाशी छिद्रांचा पाइप. आपल्या उदाहरणात ही खडी 10 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) भरते. सगळ्या पुढच्या दुरुस्त्यांपेक्षा ती स्वस्त पडते.

उभ्या घराच्या बाहेरून खणून हेच करायचं ठरवलं तर 100 फूट घेर, साडेतीन फूट रुंदी, 10 फूट खोली: 35 ब्रास माल काढायचा, ठेवायचा कुठे हा प्रश्न, आणि शेजाऱ्याची कंपाउंड भिंत खड्ड्यात यायची भीती. एखादीच बाजू मोकळी असेल आणि गळती त्याच बाजूची असेल तर फेब्रुवारी ते मे यादरम्यान विचार करा.

नाली आणि पंप: न आवडणारा, पण प्रामाणिक उपाय

भिंतीच्या पायथ्याशी 4 इंची नाली, कोपऱ्यात अडीच बाय अडीच बाय तीन फुटांचा संप (पाणी गोळा करायचा खड्डा), फ्लोट स्विचचा पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. नाली रनिंग फुटाला 400 ते 700, संप 15 ते 20 हजार, पंप 8 ते 15 हजार. एकूण 65 हजार ते लाखभर. अर्धा-एक एचपीचा पंप पावसाळ्याचे चार महिने रोज सहा तास चालला तर फार तर सातशे-साडेसातशे युनिट जातात. युनिटला 10 रुपये धरले तर वर्षाला सात-साडेसात हजार. महावितरणची वीज नेमकी मुसळधार पावसात जाते, म्हणून इन्व्हर्टरची सोय याच खर्चात धरा.

याला पराभव समजून नाक मुरडणारे बरेच. पण जुन्या तळघरांची फरशी पुष्कळदा आरसीसी राफ्ट नसते, नुसता 6 इंचांचा पीसीसी असतो. त्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 360 किलो, म्हणजे खालून 36 सेंमी पाण्याचा दाब आला की हिशोब बरोबरीत. बाहेर पाणी फरशीच्या मीटरभर वर चढलं तर आपल्या 600 चौरस फुटांखाली 56 टनांचा उचल-दाब तयार होतो. अशा तळघराच्या भिंती इंजेक्शनने घट्ट बंद केल्या की पाणी फरशी फोडून वर येतं, आणि ठेकेदार म्हणतो, 'माझी भिंत कोरडी आहे, बघा!' तो खोटं बोलत नाही. पीसीसीची फरशी असेल तर दाब मोकळा करणारी नाली-पंपाची जोडी आधी, बाकी सगळं नंतर. आरसीसी राफ्ट असेल तर नाली फक्त वरच्या कोब्यात कापायची. सळईपर्यंत कटर गेला तर थांबवा.

पाया: आधी पाणी आवरा, मग काँक्रीट ओता

पाया दुरुस्तीच्या नावाखाली सगळ्यात महाग चुका होतात. काळ्या मातीवरच्या घरात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे जातात. ते उन्हाळ्यात उघडत आणि पावसाळ्यात मिटत असतील, तर माती आकसते-फुगते आहे. तड्यावर इपॉक्सीने काचेची पट्टी चिकटवा, दोन्ही टोकांना पेन्सिलने तारीख घाला, मे ते ऑक्टोबर पाहा. काच फुटली नाही तर तडा जुना आणि मेलेला आहे, भरून रंगवा. मातीचा फ्री स्वेल इंडेक्स (ती पाण्यात किती फुगते तो आकडा) काढून घ्या, चाचणी स्वस्त आहे. 50 टक्क्यांच्या वर आकडा गेला तर माती फारच फुगणारी.

अशा मातीला पहिला इलाज पाण्याचा चढउतार कमी करणं. घराभोवती चार फूट रुंद जोता-संरक्षण (भिंतीलगतची पक्की पट्टी), बाहेर उतार, कडेला गटार, छपराचे पाइप पायाशी न सोडता लांब नेलेले. 480 चौरस फुटांचं हे काम 90 ते 140 दराने 43 ते 67 हजारांत होतं. पायाजवळचा निलगिरी किंवा पिंपळ आणि फुटकं ड्रेनेज हे दोन दोषी आधी हटवा. बरीचशी घरं इथेच शांत होतात असं अनुभवी इंजिनिअर सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे, कारण खोलवर काळ्या मातीतही साडेतीन मीटरखाली ओलाव्याचा फरक फारसा उरत नाही. अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेले जमिनीतले काँक्रीटचे खांब) तिथपर्यंत नेण्यामागचं गणितही तेच. नवं बांधकाम असेल तर आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडलेला न फुगणाऱ्या चिकट मातीचा मीटरभर थर हा पर्याय इंजिनिअरला जरूर विचारा.

पाया खरोखर एका बाजूला खचला असेल तर अंडरपिनिंग. जुन्या पायाखाली मीटर-मीटरचे खड्डे, एक सोडून एक, 1-3-5 अशा क्रमाने. नवं काँक्रीट आणि जुना पाया यांच्यातली फट न आकसणाऱ्या ग्राउटने दाबून भरायची आणि तो ताकद धरेपर्यंत शेजारचा खड्डा उघडायचा नाही. रनिंग मीटरला 20 ते 30 हजार. इंजिनिअरची 10 ते 25 हजारांची फी वेगळी, पण नकाशाशिवाय हे काम देणं म्हणजे घर सट्ट्याला लावणं. सलग चर खणून 'दोन दिवसांत उरकतो' म्हणणाऱ्याला फाटकातूनच निरोप द्या.

कागद आणि पैसे

महारेरा-नोंदणीकृत प्रकल्पातलं रो-हाउस असेल आणि ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील, तर आधी बिल्डरला लेखी कळवा. रेराच्या कलम 14(3) प्रमाणे बांधकामातला दोष त्याने 30 दिवसांत विनाशुल्क दूर करायचा असतो. त्याआधी स्वतःच भोकं पाडून घेतलीत तर 'तुम्हीच छेडछाड केली' हे उत्तर तयार असतं. फोटो, तारखा आणि शक्य असेल तर चालू गळतीचा व्हिडिओ ठेवा.

दहा वर्षांच्या हमीपत्रात 'उपचार केलेल्या भागापुरती' हे शब्द शोधा. पाणी दोन फूट सरकलं की हमी संपते. त्याऐवजी सांध्याची पूर्ण लांबी हमीत लिहून घ्या, आणि हमी माल बनवणाऱ्या कंपनीची की लावणाऱ्याची, तेही. पैसे पॅकर बसवल्यावर 40 टक्के, इंजेक्शन होऊन डबे मोजल्यावर 40, आणि उरलेले 20 पुढच्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस.